गार पाणी वीस अंश

"मुकी हाय का शिष्ट हाय?"

"दोन्ही नाही. इंग्लिश मीडियमची आहे," काका म्हणाले. आजाराचं नाव एकदाचं कळलं की डॉक्टरांचा आवाज जसा निवांत होतो, तसा त्यांचा झाला होता.

मी कपाटाच्या पलीकडे थर्मामीटर शोधत होते आणि ते दोघांनाही माहीत होतं. काका म्हणजे वाशीच्या आमच्या इंजिनियरिंग कॉलेजातले हीट लॅबचे असिस्टंट. प्रश्न विचारणारी मुलगी त्याच दिवशी माझी प्रॅक्टिकलची पार्टनर झाली होती. वर्गात मुली तीन. त्यातली एक आजारपणामुळे घरी बसली, तेव्हा उरलेल्या दोघींची जोडी लावायला कुणाला डोकं चालवावं लागलं नाही.

मी मुकी नव्हते. माझं वाक्य आधी इंग्रजीत तयार व्हायचं, मग मराठीत यायचं, मग ते बोलण्यासारखं आहे का हे मी तपासून बघायचे. तोवर समोरचा माणूस बसस्टॉपवर पोचलेला असायचा. शिष्ट होते की नाही, याबद्दल खात्री देता येत नाही.

पार्टनर पावणे गावची. तिच्या घरची भातशेती कारखान्यांच्या वसाहतीत गेली होती आणि आता तिथं रंगाचा कारखाना उभा होता; तिचा भाऊ तिथंच कामगार. "माझा भाव आमच्याच शेतात शिफ्टला जातो," असं ती कुणालाही पहिल्या भेटीत सांगून टाकायची, म्हणजे पुढची सहानुभूती वाचायची. घरात इतकी शिकलेली ती पहिली. घरच्यांनी अट घातली होती: एक टर्म जरी गेली तरी कॉलेज बंद आणि लग्न. स्थळ तयार होतं. त्याचं वर्णन ती बॉयलरचं करावं तसं करायची. "दाब बरा हाय, पन आतून गंजलाय."

टर्म जाणं किंवा मिळणं हे जर्नलवर अवलंबून होतं, आणि जर्नल ही काय वस्तू होती ते सांगायला हवं.

प्रॅक्टिकल करायचं, आकडे घ्यायचे, गणित करायचं, आलेख काढायचा, निष्कर्ष लिहायचा आणि सही घ्यायची. अशा दहा प्रयोगांच्या दहा सह्या झाल्या की टर्म मंजूर, मग परीक्षेला बसता येतं. हे कागदावर. प्रत्यक्षात पहिली तीन कामं कुणी करत नसे. लॅबच्या कपाटात एक जुनं, खाकी पुठ्ठ्याचं मास्टर जर्नल होतं. त्यात सगळे प्रयोग आधीच यशस्वी झालेले होते. मुलं त्यावरून आकडे उतरवून घेत. आलेख तर उतरवायचेही नाहीत: मास्टर आलेख खिडकीच्या काचेवर धरायचा, त्यावर कोरा आलेख कागद, आणि उन्हात दिसणारी रेघ गिरवायची. पाच मिनिटांत विज्ञान तयार.

काकांची तपासायची पद्धत याच्याशी सुसंगत होती. ते जर्नल वाचत नसत. तुमचा आलेख मास्टर आलेखावर ठेवून, दोन्ही कागद खिडकीच्या काचेला लावून, एक डोळा मिटून बघत. रेघेवर रेघ बसली की कोपऱ्यात पेन्सिलीची बरोबरची खूण. ती खूण असेल तरच सर सही करत. मला वाटतं, देशातली ती एकमेव प्रयोगशाळा असेल जिथं ढगाळ दिवशी निकाल लागत नसे.

आमचा प्रयोग सातवा. तांब्याच्या भांड्यात दोनशे ग्रॅम गार पाणी, त्यात दोनशे ग्रॅम गरम पाणी ओतायचं, ढवळायचं, तापमान बघायचं आणि एन्ट्रॉपीत किती बदल झाला ते काढायचं. मास्टर जर्नलप्रमाणे गरम पाणी ऐंशी अंश, गार वीस, मिसळल्यावर पन्नास. आम्ही हे सगळं पाहिलं असतं तर पुढचं काहीच झालं नसतं. पण त्या दिवशी मुलांच्या एका टोळीनं मास्टर जर्नल कॅंटीनमध्ये नेलं होतं, आणि आमच्याकडे पाणी ओतण्याशिवाय पर्याय उरला नाही.

पार्टनरनं नळ सोडला. मी थर्मामीटर धरला.

"किती?"

"तेहतीस," मी म्हणाले. आकडे मला न तपासता बोलता येत.

एप्रिल महिना होता. कॉलेजची टाकी गच्चीवर, नळात जे येई ते दुपारभर उन्हात शिजलेलं. त्याला गार म्हणणं ही निव्वळ सभ्यता होती. गरम पाणी आम्ही बरोबर ऐंशीवर उतरवलं, ओतलं, ढवळलं. छप्पन्न आलं. खरं म्हणजे साडेछप्पन्न यायला हवं होतं, अर्धा अंश भांड्यानं खाल्ला. मी तेच लिहिलं, तिनं माझं बघून तेच लिहिलं. मी तिला म्हणाले नाही की थांब, आधी मास्टर बघू. म्हणायला हवं होतं का? तेव्हा मला एवढंच वाटलं की जे दिसलं ते लिहायचं असतं. शाळेत नन्सनी एवढीच एक गोष्ट माझ्या डोक्यात नीट बसवली होती, आणि ती नेमकी नडली.

दुसऱ्या दिवशी काकांनी माझा आलेख काचेला लावला, डोळा मिटला, आणि मिटलेलाच ठेवून म्हणाले, "हे काय आहे?"

मास्टरमधली गार पाण्याची रेघ वीसपासून वर चढत होती. माझी तेहतीसपासून. वरची रेघ सुरुवातीला तरी जुळत होती, खालची हवेत. दोन रेघा एकत्र येण्याची जागाही वेगळी.

"पानी गरम होता, काका," पार्टनर म्हणाली.

"गार पाणी गरम होतं?"

"व्हय."

"मग ते गार पाणी कसं?" काकांनी दोन्ही जर्नलं परत केली. "वीस करून आणा."

बाहेर आल्यावर पार्टनर म्हणाली, "लिव गो वीस आनि सुट. सगल्यांनी लिवलाय. आख्ख्या वाशीत कधी वीस झालाय का? पन सगल्या जर्नलांत हाय. आपल्यालाच काय पडलीय?"

ती बरोबर बोलत होती. मी मान हलवली आणि घरी आले. वीस लिहायला बसले तेव्हा, आकडे बदलायचेच आहेत तर गणितही बघून घ्यावं, म्हणून कॅंटीनमधून परतलेल्या मास्टर जर्नलची झेरॉक्स करून आणलेली पानं पहिल्यांदाच नीट वाचली.

इथं थोडं गणित सांगावं लागेल, पण जास्त नाही.

एखाद्या वस्तूला उष्णता मिळाली की तिची एन्ट्रॉपी वाढते. किती? मिळालेली उष्णता भागिले ती मिळतानाचं तापमान. उष्णता गेली तर तशीच कमी होते. अडचण अशी की पाणी तापताना तापमान बदलत जातं, मग भागायचं कशानं? आणि गरम-गार पाणी एकदम मिसळलं की मधल्या क्षणी कुठं काय तापमान आहे हे कुणीच सांगू शकत नाही. म्हणून युक्ती करायची. सुरुवात तीच, शेवट तोच, पण मधला रस्ता दुसरा धरायचा: असा हळू रस्ता की जो कुठूनही मागे फिरवता येईल. गार पाण्याला जणू कणाकणानं तापवत नेलं, प्रत्येक कणभर उष्णतेला त्या त्या वेळच्या तापमानानं भागलं, आणि बेरीज केली. या रस्त्यानं कुणी चाललेलं नसतं. तरी उत्तर खरं येतं, कारण एन्ट्रॉपीला फक्त दोन टोकं कळतात, वाट कळत नाही. सर हे वाक्य दरवर्षी डिक्टेट करत आणि 'टोकं' या शब्दाखाली रेघ मारायला लावत.

मास्टर जर्नलमध्ये ती बेरीज नव्हतीच. गरम पाण्यानं जेवढी उष्णता दिली तिला पन्नास अंशांनी, म्हणजे केल्विनमधल्या तीनशे तेवीसनं, भागलं होतं. गार पाण्यानं जेवढी घेतली तिलाही त्याच तीनशे तेवीसनं. एक वजा, एक अधिक. एकूण बदल शून्य. निष्कर्ष: ही प्रक्रिया रिव्हर्सिबल आहे, म्हणजे उलट फिरवता येते. हेन्स व्हेरिफाइड.

मी लॉग टेबल काढलं. मास्टरचेच आकडे घेतले, वीस आणि ऐंशी, आणि नीट रस्त्यानं गेले. सातच्या जरा वर आलं. मग आमचे आकडे घातले, भांड्यानं खाल्लेला अर्धा अंशही धरला. चारच्या जरा वर. पुन्हा केलं. शून्य काही येईना, आणि शून्याच्या वर म्हणजे उलट फिरवता न येणारी प्रक्रिया. दोन लॉगांमधला फरक इतका बारीक होता की मला वाटलं टेबलच्या छपाईची चूक असेल. शेजाऱ्यांचं टेबल मागून आणलं. तिथंही तेच.

म्हणजे आमच्या कॉलेजात कित्येक बॅचेसनी गरम आणि गार पाणी एकत्र केलं होतं आणि ते परत वेगळं होऊ शकतं हे सहीशिक्क्यानिशी सिद्ध केलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी पार्टनरला हे सांगितलं. तिच्याशी मला एव्हाना बोलता यायला लागलं होतं, कारण ती माझ्या वाक्याची वाट बघत नसे, स्वतःच पूर्ण करून टाकी.

"रिव्हर्सिबल म्हंजे जसा होता तसा परत?"

"हो."

"मंग सरांना म्हनावं, आमची शेती बी परत करा."

मग ती जरा गंभीर झाली. "पन जेवढी हीट गेली तेवढीच आली ना? मंग वजा-अधिक सारखाच नको का?"

"उष्णता सारखी. पण भागायचे आकडे सारखे नाहीत. गरम पाणी देतं तेव्हा मोठ्या तापमानानं भागायचं, म्हणून कमी येतं. गार पाणी घेतं तेव्हा लहान तापमानानं. म्हणून जास्त येतं. वजा लहान, अधिक मोठं. नेहमीच."

तिनं विचार केला. "म्हंजे मोठ्या होडीतून पाटीभर मासली काढली तर होडीला कलत बी नाय. तीच पाटी लहान होडीत टाकली का ती डुलाया लागते."

मी आजवर वाचलेल्या कुठल्याही पुस्तकात हे इतकं नीट सांगितलेलं नाही. तसं मी तिला तेव्हा सांगितलं नाही. वाक्य तयार होईपर्यंत तिनं वीसचा नाद सोडून माझ्या जर्नलातलं चार आपल्या जर्नलात उतरवून घेतलं आणि तास सुरू झाला.

त्या तासाला अजून एक गोष्ट झाली, जी मी तिलाही सांगितली नाही. सर फळ्यावर लिहीत होते. उष्णतेसाठी ते Q काढायचे, आणि त्याची शेपटी खाली नेऊन उंदराच्या शेपटासारखी वर वळवायची त्यांना सवय होती. साताला मधे आडवी दांडी. असला Q मी आदल्याच रात्री पाहिला होता. मधल्या सुट्टीत लॅबमध्ये जाऊन मास्टर जर्नल उघडलं. सगळ्या पानांवर उंदरांच्या शेपट्या. सातव्या प्रयोगाच्या कोपऱ्यात फिकट शाईत नुसतं 'जानेवारी'.

सर घाटावरचे. त्यांचं शिक्षण तिकडेच झालेलं. तिकडे जानेवारीत नळाचं पाणी वीस अंश असणारच. ते आकडे खरे होते. विद्यार्थी असताना सरांनी खरंच पाणी ओतलं होतं, खरंच मोजलं होतं, आणि शेवटी एक भागाकार चुकले होते. ती चूक मग घाट उतरून खाडी ओलांडून आमच्याकडे आली आणि खिडकीच्या काचेवरून बॅचमागून बॅच गिरवली गेली. मला सरांची जरा दया आली. दया येणं सोयीचं होतं. त्यामुळे गप्प बसण्याला एक चांगलं कारण मिळालं.

शनिवारी दुपारी मी आमच्या बेडरूमच्या खिडकीला कागद लावून रेघ गिरवत होते. आई आत आली.

"काय करतेस?"

"कॉपी."

"नीट कर. रेघ वाकडी येतेय," ती म्हणाली आणि पापड वाळत घालायला गच्चीवर गेली.

वीस अंश, पन्नास अंश, शून्य, रिव्हर्सिबल. सगळं सुवाच्य अक्षरात. ते पान मी जर्नलला जोडलं नाही. घडी न घालता एका वहीत सरकवून बॅगेत ठेवलं. लागलंच तर काढायचं, नाही लागलं तर नाही.

एकच पान केलं होतं. माझ्यापुरतं.

पार्टनरचं पान करायचं माझ्या मनातच आलं नाही, असं मला लिहायला आवडेल. मनात आलं होतं. तिचं केलं तर तिला सांगावं लागेल, सांगितलं तर ती म्हणेल बरं झालं, आणि मग जर्नलाला तेच जोडावं लागेल. दोन्ही बाजूंनी दार उघडं ठेवायची मला खोड होती. दारात तिला उभं केलंय हे सोयीस्करपणे दिसत नव्हतं.

सोमवार सबमिशनचा शेवटचा दिवस. लॅबच्या दारापासून जिन्यापर्यंत रांग. काका खिडकीशी, सर टेबलाशी. टेबलावर प्रयोगांची मांडणी केलेली, कारण सर सही करताना एखादा प्रश्न विचारत, आणि समोर उपकरण असलं की प्रश्न विचारल्यासारखं वाटे. आमच्या आधीच्या मुलांना त्यांनी तांब्याच्या भांड्यात पाणी मिसळून दाखवायला लावलं होतं. ते भांडं तसंच होतं, काठोकाठ, वाफ न येणारं, कोमट.

काकांनी आमची दोन्ही जर्नलं बघितली, काचेला लावायचे कष्टही घेतले नाहीत आणि सरांपुढे ठेवली. "यांचं तेच, सर. सांगून झालं."

सरांनी पान उलटलं. "थर्टी थ्री? आणि एन्ट्रॉपी चेंज फोर? हे कुठून आणलंत?"

"नळातून, सर," पार्टनर म्हणाली.

मागे कुणीतरी हसलं. सर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांना फक्त जेवायला जायचं होतं. "हे बघा. हीट लॉस इज इक्वल टू हीट गेन. एक मायनस, एक प्लस. झिरो. एवढं बेसिक आहे. इतक्या वर्षांत कुणाचं चार आलं नाही."

"तिनं काढलाय, सर. बरोबर हाय तिचा," पार्टनर म्हणाली. "माझा बी तिचाच हाय."

"मग तिला बोलू दे."

मी सरांच्या हातातल्या पेनाकडे बघत होते. माझं वाक्य इंग्रजीत तयार होतं. दोन टोकं, हळू रस्ता, प्रत्येक कणाला त्याच्या तापमानानं भागा, सर, तुम्हीच सांगितलंय. छान वाक्य होतं. पण ते सांगायला फळा लागला असता, आणि पंधरा मिनिटं, आणि दुसरं कुणीतरी.

"अर्धा तास देतो," सर म्हणाले. "मास्टरप्रमाणे करून आणा. नाहीतर दोघींची टर्म विसरा." त्यांनी जर्नलं आमच्याकडे सरकवली. "आहे का दुसरं काही केलेलं?"

माझा हात बॅगेत गेला होता. वहीची कडा बोटांना लागत होती. काकांना ते दिसलं आणि त्यांचा चेहरा उजळला. पेशंट औषध घ्यायला तयार झाला होता.

पार्टनरनंही पाहिलं. तिला त्या पानाबद्दल काही ठाऊक नव्हतं, पण ती हुशार होती. तिनं माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि चेहऱ्यावर काहीच न आणता हळूच म्हणाली, "असला तर दे गो बाय. एकीची तरी होऊ दे."

ती चिडली असती तर मी कदाचित पान काढून दिलं असतं.

मी हात रिकामाच बाहेर काढला. ते भांडं दोन्ही हातांनी उचललं. वाटलं होतं त्यापेक्षा जड निघालं, थोडं पाणी सरांच्या टेबलक्लॉथवर सांडलं. मी ते त्यांच्यासमोर, उघड्या जर्नलच्या शेजारी ठेवलं. आता मागे फिरायला जागा नव्हती, आणि वाक्य या वेळी सरळ मराठीतच आलं.

"सर, उलट फिरवता येतं ना? मग यातलं गरम पाणी परत वेगळं काढून दाखवा."